आष्ट्याच्या उसाचा जिनिव्हातला खटला

ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी जमा झाली पाहिजे, हा नियम वाळवा तालुक्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण त्याच एफआरपीवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, निकाल भारताच्या विरोधात गेला, भारताने अपील केले आणि ते अपील ऐकायला आज एकही सदस्य जागेवर नाही, हे आष्ट्याच्या चौकात विचारले तर 'असं काहीतरी झालं होतं खरं' एवढेच उत्तर मिळेल. दोष कुणाचा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ही बातमी दोन दिवस आली आणि गाळपाच्या गडबडीत मागे पडली.

खटला समजायला कायद्याची पदवी लागत नाही. उसाचे बिल वाचता आले की पुरे. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी आपले बिल

एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये २००९ साली दुरुस्ती होऊन तो आला. त्याआधी एसएमपी, म्हणजे वैधानिक किमान दर होता. केंद्र सरकार दरवर्षी हा दर जाहीर करते आणि त्याखाली ऊस घ्यायला कारखान्याला मनाई असते. पैसे चौदा दिवसांत दिले नाहीत तर थकबाकीवर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. हे व्याज मागणारे फार थोडे, ही गोष्ट वेगळी.

२०२५-२६ च्या हंगामाचा दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये असा आहे. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते प्रमाण. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. समजा आपल्या कारखान्याचा धरलेला उतारा १२.२५ टक्के आहे. म्हणजे दोन टक्के जादा, वीस टप्पे, ६९२ रुपये. एकूण एफआरपी ४,२४२ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक समजा ८५० रुपये वजा झाली, तर हातात ३,३९२ रुपये टन.

जिनिव्हात वाद झाला तो सरकारने जाहीर केलेल्या दरावर. आपल्या हातात किती पडले, हा तिथे प्रश्नच नव्हता.

आता एक गोष्ट नीट पाहा. या व्यवहारात सरकारने तिजोरीतून काय दिले? या दरापोटी काहीच नाही. पैसे दिले आष्ट्याजवळच्या कारंदवाडीच्या सर्वोदय युनिटने, साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याने, वाळव्याच्या हुतात्मा कारखान्याने. भारताचा मोठा बचाव याच मुद्द्यावर उभा होता.

नियम कुठून आला

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना 'डंकेल प्रस्ताव' आठवत असेल. आर्थर डंकेल यांनी १९९१ च्या डिसेंबरात मांडलेल्या मसुद्यातून पुढे जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ, उभी राहिली. करारावर एप्रिल १९९४ मध्ये मर्राकेशला सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून संघटनेचे काम सुरू झाले. भारत पहिल्या दिवसापासून सदस्य आहे.

त्या काळात महाराष्ट्रात डंकेलविरोधी मोर्चे निघत होते, तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र प्रस्तावाच्या बाजूने उभे होते. त्यांचे म्हणणे असे, की भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळतच नाही, उलट जगाच्या बाजारापेक्षा कमी भाव देऊन सरकार त्याच्याकडूनच काढून घेते. 'उणे सबसिडी' हा शब्द त्यामुळे गावोगाव पोचला. आश्चर्य असे, की उणे सबसिडी मोजण्याचे सूत्र आणि आज आपल्याला अडचणीत आणणारे सूत्र एकच आहे. ते कसे, ते पुढे येते.

डब्ल्यूटीओच्या शेतीविषयक करारात आपल्या कामाच्या दोन मर्यादा आहेत. एक, देशाच्या आत शेतकऱ्याला दिलेल्या साहाय्यावर. दुसरी, निर्यातीसाठी दिलेल्या अनुदानावर. खटल्यात भारतावर दोन्हींचा भंग केल्याचा आरोप होता. चर्चेत हे दोन आरोप हमखास एकमेकांत मिसळतात, म्हणून आपण ते वेगळे ठेवू.

पहिला आरोप : दहा टक्क्यांची मर्यादा

भारतासारख्या विकसनशील देशाला एखाद्या पिकाला, त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत साहाय्य देता येते. विकसित देशांसाठी ही मर्यादा पाच टक्के आहे. वाचायला आपल्याला सवलत वाटते. मेख अशी, की १९९५ पूर्वी जे देश भरमसाट अनुदाने देत होते त्यांना दहा-पाच टक्क्यांच्या वर आणखी एक मोठा हक्क मिळाला. अमेरिकेचा हा हक्क वर्षाला १९.१ अब्ज डॉलर, तर ब्रेक्झिटपूर्वी युरोपीय संघाचा ७२ अब्ज युरोंच्या वर. भारताने तेव्हा तसे साहाय्य दाखवलेच नव्हते, त्यामुळे आपल्या वाट्याला हा जादा हक्क शून्य आला.

साहाय्य मोजायचे कसे? सरकारने ठरवलेला दर घ्यायचा, त्यातून 'बाह्य संदर्भ किंमत' वजा करायची आणि उरलेल्या फरकाला, तो दर मिळण्यास पात्र असलेल्या सगळ्या उत्पादनाने गुणायचे. बाह्य संदर्भ किंमत म्हणजे जगाच्या बाजारातला भाव. पण तो आजचा नाही. करारानुसार तो १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या सरासरीवर कायमचा गोठवला आहे. आजोबांच्या वेळच्या सोन्याच्या भावाने आजच्या लग्नाचा खर्च उधळपट्टी ठरवावी, तसला हा हिशेब.

सोपे आकडे घेऊ, फक्त समजण्यापुरते. समजा गोठवलेली किंमत क्विंटलला २० रुपये आहे आणि एफआरपी २७५ रुपये. फरक २५५ रुपयांचा. पिकाचे मूल्यही २७५ रुपयांनीच धरले तर साहाय्य निघते सुमारे ९३ टक्के. मर्यादा दहा टक्के. म्हणजे सरकारने एक पैसा दिला नसला तरी कागदावर भारत उसाच्या जवळजवळ सगळ्या किमतीइतके साहाय्य देतो असे दिसते.

शरद जोशींच्या काळी हेच गणित एकंदर भारतीय शेतीला उणे दाखवत होते, कारण तेव्हाचे सरकारी दर त्या काळच्या जागतिक भावाखाली होते. आपले दर महागाईबरोबर वाढले. करारातली संदर्भ किंमत मात्र जिथे होती तिथेच राहिली.

भारताने खटला ऐकणाऱ्या लवादापुढे सांगितले, की एफआरपी कारखाना देतो, सरकार नाही. सरकार ऊस विकतही घेत नाही. मग याला सरकारी साहाय्य कसे म्हणता? हा युक्तिवाद आपल्या कानाला पटतो. पण कराराचा मजकूर विरोधात होता. बाजारभाव-आधार मोजताना तिजोरीतून किती खर्च झाला हे बघायचे नाही, सरकारने किंमत ठरवली की नाही एवढेच बघायचे, असा त्याचा अर्थ लवादाने काढला. २०१४-१५ ते २०१८-१९ या सलग पाच हंगामांत भारताने दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली, असा निष्कर्ष निघाला. हिशेबात उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा यांसारख्या राज्यांचे स्वतंत्र, एफआरपीपेक्षा चढे दरही आले. महाराष्ट्रात तसा राज्याचा दर नाही. आपल्याकडे एफआरपी हाच पाया आणि त्यावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागितली जाते ती जादा उचल.

दुसरा आरोप : निर्यातीचे अनुदान

इथे मात्र तिजोरीतून खरोखर पैसा गेला होता.

२०१७-१८ मध्ये देशात साखरेचा महापूर आला. भाव पडले, एफआरपी थकली. केंद्राने प्रत्येक कारखान्याला निर्यातीचा कोटा ठरवून दिला. २०१८-१९ साठी देशाचा एकूण कोटा ५० लाख टनांचा होता. कोटा पुरा करणाऱ्या कारखान्याच्या वतीने गाळलेल्या उसाला क्विंटलमागे १३ रुपये ८८ पैसे, म्हणजे टनाला १३८ रुपये ८० पैसे, अशी मदत केंद्राने जाहीर केली. ही रक्कम उसाच्या देण्यापोटी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जायची होती. जोडीला निर्यातीच्या वाहतुकीसाठी साखरेला टनामागे मदत होती : बंदरापासून शंभर किलोमीटरच्या आत १,००० रुपये, किनारी राज्यांत त्यापलीकडे २,५०० रुपये, इतर राज्यांत ३,००० रुपये, किंवा प्रत्यक्ष खर्च, जो कमी असेल तो. आपल्या पट्ट्यातले कारखाने २,५०० च्या गटातले.

निर्यात केली तर मदत, नाही केली तर नाही. कायद्याच्या भाषेत ही 'निर्यातीवर अवलंबून' असलेली मदत झाली आणि अशा मदतीला करारांत बंदी आहे. भारताचे म्हणणे होते, की विकसनशील देश म्हणून अशी अनुदाने टप्प्याटप्प्याने बंद करायला आपल्याला अजून मुदत आहे. लवादाने ते फेटाळले. मदत नावाला 'उत्पादन साहाय्य' होती, पण अट निर्यातीची होती, आणि अशा वेळी नाव बघितले जात नाही.

माझे मत विचाराल तर पहिल्या आरोपात भारतावर अन्याय झाला, कारण मुळात मोजपट्टीच खोटी आहे. दुसऱ्या आरोपात आपली बाजू लंगडी होती. दोन्हींची एकच आरोळी ठोकून 'डब्ल्यूटीओ शेतकऱ्याच्या मुळावर' असे म्हणणे सभेला शोभते, हिशेबाला नाही.

खटला चालतो कसा

दावा फक्त देश लावू शकतो. कारखाना नाही, शेतकरी संघटना नाही, ब्राझीलचे साखर उद्योजकही नाहीत; त्यांनी आपल्या सरकारला पटवावे लागते. आष्ट्यातल्या कुणाला या खटल्यात उतरायचे असते, तर त्याला दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयातूनच जावे लागले असते.

पहिली पायरी चर्चेची. ब्राझीलने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, ऑस्ट्रेलियाने १ मार्चला आणि ग्वाटेमालाने १५ मार्चला भारताकडे औपचारिक चर्चेची मागणी नोंदवली. त्यावरून खटल्यांना ५७९, ५८० आणि ५८१ हे क्रमांक पडले. चर्चेला साठ दिवस असतात. बरीच भांडणे इथेच मिटतात.

मिटले नाही तर लवाद, म्हणजे साधारणपणे तीन तज्ज्ञांचे मंडळ, नेमले जाते. इथे ऑगस्ट २०१९ मध्ये ते मंजूर झाले. तिन्ही दावे एकाच मंडळाने ऐकले. नियमाप्रमाणे सहा ते नऊ महिन्यांत अहवाल यायला हवा. कोविडच्या काळात सव्वादोन वर्षांहून अधिक लागली. १४ डिसेंबर २०२१ रोजी अहवाल सगळ्या सदस्यांना वाटला गेला. निर्यात अनुदाने १२० दिवसांत मागे घ्या आणि उसाचे साहाय्य मर्यादेत आणा, असा त्याचा गाभा.

पुढची पायरी सर्वांत गैरसमजाची. लवादाचा अहवाल आला म्हणजे निकाल लागू झाला असे नव्हे. सर्व सदस्य देशांच्या तंटा निवारण मंडळाने तो स्वीकारावा लागतो. एरवी हा उपचार असतो, कारण सगळ्या देशांनी एकमुखाने 'नको' म्हटले तरच अहवाल अडतो, आणि जिंकलेला देश तसे कशाला म्हणेल? पण हरलेल्या पक्षाने स्वीकारापूर्वी अपील केले, तर अपिलाचा निर्णय येईपर्यंत अहवाल बाजूला राहतो.

भारताने तेच केले. अहवालानंतर डिसेंबर संपायच्या आतच अपिलाची नोटीस गेली. भारतीय धोरणांवर या अहवालाचा परिणाम होणार नाही, असे वाणिज्य मंत्रालयाने आधीच जाहीर केले होते.

अपील ऐकायला कोणीच नाही

डब्ल्यूटीओच्या अपील मंडळात सात सदस्य असतात आणि एका अपिलाला तीन लागतात. नवा सदस्य नेमायला सर्व देशांची संमती हवी. मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जाऊन नवे कायदे घडवते, नव्वद दिवसांची मुदत पाळत नाही, अशा तक्रारी करत अमेरिकेने नेमणुका अडवल्या. अध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, अडवणूक राहिली. १० डिसेंबर २०१९ रोजी दोन सदस्यांची मुदत संपली. त्यांत एक आपले उजल सिंग भाटिया होते. एकच उरल्या, त्यांचीही मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून खुर्च्या रिकाम्या आहेत.

म्हणजे भारताने अपील केले तेव्हाच ते कुणी ऐकणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. अशा अपिलाला 'पोकळीतले अपील' म्हणण्याची पद्धत पडली आहे. ही युक्ती भारताची एकट्याची नाही. इंडोनेशियाने निकेल धातुकाच्या निर्यातबंदीवर युरोपीय संघाविरुद्ध हरल्यावर २०२२ मध्ये हेच केले. अमेरिकेनेही केले आहे.

यावर आज कायदेपंडितांत खरा वाद आहे. एक बाजू म्हणते, अपिलाचा हक्क करारात लिहिला आहे. मंडळ रिकामे ठेवण्याचे पाप भारताचे नाही. दुसरी बाजू म्हणते, करार सद्भावनेने पाळायचा असतो. ऐकले जाणारच नाही अशा ठिकाणी अपील करणे म्हणजे निकाल कायमचा गोठवणे. दोन्हीत तथ्य आहे. पण छोट्या देशाने मोठ्यावर दावा जिंकला आणि मोठ्याने असेच अपील केले, तर छोट्याच्या हाती काय उरते, हा प्रश्न पहिल्या बाजूला सुटलेला नाही. उद्या तो छोटा देश आपणही असू.

युरोपचा तोडगा, आणि युरोपची साखर

युरोपीय संघाने दोन वाटा काढल्या. पहिली, २०२० मध्ये काही देशांना घेऊन उभी केलेली हंगामी अपील लवादाची व्यवस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एमपीआयए म्हणतात. तिच्यात सामील झालेले देश आपसांतल्या तंट्यात रिकाम्या मंडळाऐवजी आपण निवडलेल्या लवादांकडे अपील नेतात. पहिला निवाडा डिसेंबर २०२२ मध्ये आला, तोही कशावर, तर कोलंबियाने युरोपच्या गोठवलेल्या बटाटा फ्राईजवर लावलेल्या शुल्कावर. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला तिघेही या व्यवस्थेत आहेत. चीन आणि पाकिस्तानही आहेत. भारत नाही. आपली भूमिका अशी, की मूळ अपील मंडळच पूर्ववत करा.

दुसरी वाट कडक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये युरोपीय संघाने आपली अंमलबजावणीची नियमावली बदलली. त्यानुसार, लवादात हरलेला देश पोकळीत अपील करून बसला आणि पर्यायी लवादालाही तयार झाला नाही, तर युरोप त्या देशाच्या मालावर जादा शुल्कासारखे प्रतिउपाय करू शकतो. कुणी करार मोडला हे एकट्याने ठरवून शिक्षा करायची नाही, असे डब्ल्यूटीओच्या तंटा नियमांचे कलम २३ सांगते. मग युरोपचा कायदा त्यात बसतो का? युरोप म्हणतो, लवादाने भंग ठरवलाच आहे, आम्ही एकट्याने ठरवले नाही. टीकाकार म्हणतात, न स्वीकारलेला अहवाल हा निकालच नाही. हा वाद कोणत्याही न्यायासनापुढे अजून निर्णायकपणे सुटलेला नाही.

आणि तो केवळ पुस्तकी नाही. मोबाइल फोन व तत्सम वस्तूंवरच्या आयातशुल्कावर युरोपीय संघाने भारतावर लावलेल्या दाव्याचा अहवाल एप्रिल २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारताने त्यावरही अपील केले. उसाच्या खटल्याला त्याहून जवळची गोष्ट ब्राझीलची : आपल्या अपिलानंतर साधारण महिन्याभराने, जानेवारी २०२२ मध्ये, ब्राझीलनेही असाच आदेश काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा केला. असा प्रतिउपाय झालाच, तर तो साखरेवरच येईल असे नाही. ब्राझील आपल्याकडून साखर घेत नाही. घेतो तो औषधे, कीटकनाशके, रसायने. फटका त्यांनाही बसू शकतो.

युरोप दुसऱ्याला कायदा शिकवतो तेव्हा त्याची स्वतःची साखरकथा आठवावी. तिकडे साखर बीटपासून होते. शेतकऱ्याला आणि कारखान्याला ठरावीक कोट्यापुरता चढा हमीभाव मिळे. कोट्यावरच्या साखरेला 'सी' साखर म्हणत आणि ती युरोपीय संघाबाहेरच विकावी लागे. युरोपचा दावा असा, की सी साखरेला आम्ही छदामही देत नाही. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंड यांनी तोच दावा जिनिव्हात खोडला : कोट्यातल्या साखरेच्या चढ्या भावावर कारखान्याचा सगळा खर्च निघतो, म्हणून सी साखर तोट्यात विकता येते, हे अनुदानच झाले. एप्रिल २००५ मध्ये अपील मंडळाने ते मान्य केले. युरोपची मर्यादा वर्षाला १२ लाख ७३ हजार ५०० टन अनुदानित निर्यातीची होती आणि तो कितीतरी अधिक साखर बाहेर काढत होता.

युरोपने तेव्हा काय केले, हे साखरपट्ट्यात कुणी सांगत नाही. निकाल पाळायला मे २००६ पर्यंत मुदत मिळाली. साखरेचा संदर्भ दर चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवण्याचे ठरले. कोटा सोडून देणाऱ्या कारखान्याला सुरुवातीला टनामागे ७३० युरो भरपाई मिळाली, बीट उत्पादकांना दरकपातीचा काही भाग थेट खात्यावर मिळाला. आयर्लंडचा शेवटचा साखर कारखाना मॅलो गावात होता. तो २००६ मध्ये बंद झाला आणि त्या देशात साखर बनणेच थांबले. २०१७ मध्ये कोटा पद्धतही गेली. भरपाईला पैसा होता म्हणून हे जमले. आपल्याकडे ऊसदर तिसऱ्या हिश्श्याने उतरवून कोणता पक्ष वाळवा-शिराळ्यात मते मागायला येईल, ते आपणच ठरवा.

इथे हमखास चुकते

'डब्ल्यूटीओने एफआरपी बंद करायला सांगितली.' नाही. मर्यादेत आणा असे सांगितले, आणि अहवाल स्वीकारलेलाच नसल्याने तेही आज बंधनकारक नाही. एफआरपी दरवर्षी जाहीर होते आहे : २०१८-१९ ला टनाला २,७५० रुपये होती, २०२५-२६ ला ३,५५०. उताऱ्याचा पायाही मध्यंतरी १० वरून १०.२५ टक्क्यांवर नेला, हे तुलना करताना विसरू नये.

'साखर निर्यातीवर बंधने आली ती या खटल्यामुळे.' नाही. १ जून २०२२ पासून निर्यात बंधनात आली ती देशातला पुरवठा आणि भाव सांभाळायला. त्याआधी २०२१-२२ मध्ये एक रुपया अनुदान नसताना विक्रमी साखर बाहेर गेली होती, कारण जगात भाव चांगला होता. शिवाय उसाचा रस आणि मळी इथेनॉलकडे वळू लागल्याने जादा साखर खपवायला अनुदानाची गरजच कमी झाली. दुसऱ्या आरोपातली हवा बऱ्याच अंशी अशी निघून गेली.

'शांतता कलम आपल्याला वाचवेल.' हे बाली इथे २०१३ मध्ये ठरलेले कलम अन्नसुरक्षेसाठी केलेल्या धान्यसाठ्याचे आहे. भारताने ते तांदळासाठी वापरले. ऊस त्यात बसत नाही.

'हरलो तर दंड भरावा लागेल.' डब्ल्यूटीओ दंड करत नाही. अहवाल लागू झाला आणि पाळला नाही, तर जिंकलेल्या देशाला तेवढ्याच मोलाचे शुल्क आपल्या मालावर लावायची परवानगी मिळते.

आणि दोन न्यायालयांची गल्लत करू नये. एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा देणारा राज्याचा २०२२ चा निर्णय मार्च २०२५ मध्ये रद्द झाला तो मुंबई उच्च न्यायालयात. त्याचा जिनिव्हाशी काही संबंध नाही. थकीत बिलासाठी आपला रस्ता पुण्याच्या साखर आयुक्तांकडे जातो.

पुढे काय

तीन शक्यता दिसतात. अपील मंडळ पुन्हा भरले तर आपले अपील ऐकले जाईल. अनेक देश वर्षानुवर्षे तशी मागणी करत आहेत आणि ती अडते आहे. दुसरी, आपसांत तोडगा. भारत-अमेरिकेतले सात जुने दावे २०२३ मध्ये असेच बोलणी करून मिटले, आणि ब्राझीलशी इथेनॉलच्या तंत्रज्ञानाला धरून बोलणी झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. तिसरी, काहीच न होता खटला लटकत राहणे. सध्या तेच चालू आहे.

मोजपट्टी बदलणे हा खरा उपाय आहे, पण तो खटल्यातून होणार नाही. १९८६-८८ ची किंमत आजच्या रुपयात आणावी, ही मागणी भारत वाटाघाटीत करत आला आहे आणि ती मान्य व्हायला सगळ्या सदस्यांचे एकमत लागते. म्हणून पुढच्या वेळी आमदार-खासदार किंवा संघटनेचे पुढारी ऊस परिषदेत डब्ल्यूटीओचे नाव घेतील तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारावेत : संदर्भ किंमत बदलण्यासाठी दिल्लीत तुम्ही काय मांडले, आणि हंगामी अपील लवादात भारताने जावे की नाही, याबद्दल तुमचे मत काय? उत्तर मिळेपर्यंत आपली एफआरपी जिनिव्हात जिंकलेली नाही, फक्त तिचे अपील प्रलंबित आहे.